घंटीतलं गवत

कडूबाची ती गोष्ट गारखेड्यातल्या त्या गल्लीत लेकराबाळांनासुद्धा पाठ होती. दुपारी मेंढरं बाभळीखाली बसली की तो काठी आडवी टाकायचा, पटका सोडून मांडीवर घ्यायचा आणि शेजारी जो असेल त्याला सांगायला लागायचा. शेजारी कुणी नसलं तर मेंढरांना सांगायचा. पोलीस ॲक्शनच्या वर्षी तो आठ वर्षांचा पोर होता, आणि त्याच्या घरच्यांचा मेंढरांचा वाडा तेव्हा पिशोरच्या अंगाला डोंगरात, एका खोलगट लवणापाशी होता.

"भादवा व्हता. गवत कमरेइतकं. वरल्या वाडीतून रझाकार मेंढरं हाकून नेत व्हते. माय म्हनली, कडू, घंट्यांत गवत कोंब. मी कोंबलं. म्होरक्या एडक्याची घंटा लई मोठी, तिला दोन मुठी लागलं. मंग समदा कळप लवणात बसला, आन् आवाज म्हनून नाय. मंग लष्कर आलं. माय म्हनली, काढ रे आता. मी काढलं, आन् समद्या घंट्या एकदम वाजल्या."

संपली गोष्ट. 'एकदम वाजल्या' म्हणताना तो हात आभाळाकडे उघडायचा आणि आठ वर्षांच्या पोरासारखा हसायचा. वर्षानुवर्षं एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. शेजारची आवडाबाई जाता येता टोमणा मारायची, "दाजी, कालचं गवत आजून निघालं नाय व्हय?" कडूबा तिच्याकडे बघत राहायचा. काल आपण हेच सांगितलंय याचा त्याला पत्ताच नसायचा.

तो जन्मापासून असा नव्हता. चांगला हुशार मेंढपाळ होता. शंभर मेंढरांतलं एक कमी झालं तर नजरेनंच ओळखायचा. चौऱ्याऐंशी साली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, त्याला ताप आला आणि तो ताप डोक्यात गेला. फिट्स आल्या. बायको बानाबाईनं मेंढरं भावकीच्या हवाली केली, नऊ वर्षांची लेक साळू हाताला धरली आणि नवऱ्याला टेम्पोत घालून सरकारी दवाखान्यात नेलं. खंडोबाला भंडारा बोलली. माणूस वाचला. उठून बसला, जेवला, बानाबाईला म्हणाला, "घरी कवा जायचं?" तिनं सांगितलं, परवा. थोड्या वेळानं पुन्हा तेच, "घरी कवा जायचं?" ती हसली. संध्याकाळपर्यंत तिचं हसू आटून गेलं.

डॉक्टरीणबाई चांगली होती. तिनं बानाबाईला बाकावर शेजारी बसवून नीट समजावलं. डोक्याच्या आत, दोन्ही कानांच्या अंगाला, करंगळीएवढा एकेक भाग असतो. दिवसभर माणूस जे बघतो, ऐकतो, ते तिथं धरलं जातं. मग माणूस झोपला की हळूहळू ते बाकीच्या मेंदूत मुरत जातं, लोणचं मुरावं तसं. तापानं ते दोन्ही भाग जाळून टाकले. आधीचं जे मुरलं ते राहील, लहानपणचं तर घट्ट राहील. नवं मात्र आत जाणार नाही.

बानाबाईला ते आपल्या परीनं कळलं. काट्याचा वाडा आहे, आत मेंढरं सुखरूप आहेत, पण कवाड जळून तिथं दगड येऊन पडलेत. आता बाहेरचं बाहेर आणि आतलं आत.

एक गोष्ट मात्र तिला तिथंच खटकली होती. वॉर्डात एक सिस्टर रोज इंजेक्शन द्यायला यायची. रोज कडूबा तिला नव्यानं रामराम घालायचा, गाव विचारायचा. आपण हिला कधी पाहिलं नाही असं शपथेवर सांगायचा. पण ती दारात दिसली की त्याचा हात आपोआप पांघरुणाखाली जायचा. बानाबाईनं विचारलं, "हात कामून लपवता?" तो हाताकडं बघत म्हणाला, "थंडी हाय." बाहेर उन्हाळा पेटला होता.

घरी आल्यावर निम्मी मेंढरं विकली. उरलेली घेऊन नवराबायको साताऱ्याच्या डोंगराकडं जायची. साताऱ्याचा म्हणजे आपल्या खंडोबाच्या सातारा गावचा. बाना पुढं, मधे मेंढरं, मागं कडूबा. माळावर प्लॉटचे दगड रोवले जात होते, रस्ते आखले जात होते. कडूबा रोज त्या दगडांपाशी थांबून म्हणायचा, "हे कवा झालं?" बाना रोज सांगायची, "कालच."

साळू वाढत होती, आणि खरी पंचाईत तिचीच होती. बापाच्या डोक्यातली साळू नऊ वर्षांची, परकर नेसलेली, दोन वेण्यांची. घरात वावरणारी पोर दर वर्षी उंच होत गेली. मग तो तिला पाहुणी समजायला लागला. सकाळी चहा घेऊन आली की संकोचून पाय जवळ घ्यायचा.

"कुणाची गं तू?"

"तुमच्या साळूची मैतरीण."

"मंग ती कुठंय?"

"साळंत गेली. तिचा चहाबी मलाच दिलाय तुमच्या कारभारनीनं."

तो हसायचा, आणि बानाला हळूच सांगायचा की पोर गुणाची आहे, आपल्या साळूला हिचं वळण लागलं तर बरं. साळूही हसायची. पायात तिला मामानं आणलेले चांदीचे पैंजण होते, बारीक घुंगरांचे. घरभर ते वाजत असायचे. त्या आवाजाला मात्र बाप मान वर करायचा. पोर दिसली की पुन्हा खाली घालायचा.

एकोणनव्वदच्या भादव्यात साळूला कावीळ झाली. झाडपाला झाला, दवाखाना झाला. चौदा वर्षांची पोर आठवड्यात हातची गेली. पाय सुजले होते. उजवा पैंजण निघाला, डावा काही निघेना. बानाबाई म्हणाली, राहू द्या.

लग्न न झालेल्या लेकराला त्यांच्यात पुरतात. पिशोरहून बानाबाईचा भाऊ मुंजाबा आला होता. पुढचा खांदा बापाचा, म्हणून कडूबाला उभं केलं. त्यानं मुंजाबाला हळूच विचारलं, "कुणाची पोर हाय?" मुंजाबा तिरडी उचलायला वाकला. "लई कोवळी हाय," असं कडूबाच म्हणाला आणि त्यानं खांदा दिला. लोक रडत होते म्हणून तोही रडत होता.

माळाच्या वाटेला लागले तसा पावलागणिक तो डावा पैंजण वाजायला लागला. छुम, छुम. माणसं ऐकून न ऐकल्यासारखं करत होती. कडूबा एकाएकी थांबला. म्हणाला, ठेवा खाली. कुणाला काही कळेना. त्यानं वाटेच्या कडंचं ओलं गवत उपटलं, चादर जरा सारली आणि पैंजणाच्या एकेका घुंगरात गवताची काडी कोंबत गेला. हळूहळू, एकही न चुकवता. मग पुन्हा खांदा दिला. पुढची सगळी वाट आवाज झाला नाही. माघारी येऊन मुंजाबानं बहिणीला हे सांगितलं तेव्हा तिनं निघालेला उजवा पैंजण चिंधीत बांधला आणि देव्हाऱ्यात देवामागं ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडूबानं विचारलं, "साळू कुठं गेली?"

बानाबाईनं खरं सांगितलं. तो छाती बडवून रडला, भिंतीवर डोकं आपटून घेतलं. दुपारी झोपला. उठला, चूळ भरली आणि म्हणाला, "साळू कुठं गेली?" पुन्हा सांगितलं. पुन्हा तसंच, तितकंच, जसं काही आत्ताच निरोप आलाय. एका लेकराचं मरण एका बापानं किती वेळा ऐकायचं? तेराव्यापर्यंत त्याचा आवाज बसला, कपाळ सोललं. मुंजाबा म्हणाला, "आक्का, हे पाप हाय. त्याला सांग, पोर माझ्याकडं पिशोरला हाय." तेव्हापासून साळू मामाकडे होती.

कडूबा निवांत झाला. पण बानाबाईच्या वाट्याला काय आलं ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. ज्याच्याजवळ बसून रडायचं तो माणूस रोज तिला सांगत होता की पोरीसाठी बोरं ठेव, मामाकडून आली की मागंल. ती बोरं ठेवायची. साळू गेली हे त्या घरात एकट्या तिलाच ठाऊक होतं, आणि तेही तोंडातून काढायची चोरी. देवाजवळ तिचं एकच मागणं होतं. ह्यांना दुःख नको, पण माझं दुःख ह्यांना कळू दे. दोन्ही एकदम कसं व्हायचं ते तिचं तिलाच कळत नव्हतं.

मुंजाबा एकदा दिवाळीला आला. जेवताना कडूबानं त्याला सरळ विचारलं, "पाव्हनं, पोरीला संगं कामून नाय आणलं?" मुंजाबानं बहिणीकडं पाहिलं. बानाबाईनंच सावरलं, तिला परीक्षा आहे म्हणाली. कडूबा म्हणाला, "दिवाळीत?" आणि मग विसरला. मुंजाबा त्यानंतर बहिणीकडं मुक्कामाला आला नाही. आला तरी उभ्या उभ्या जायचा.

अशी दोन-तीन वर्षं गेली. मग एका दुपारी, बाभळीखाली, गोष्ट अडखळली.

"...म्होरक्या एडक्याची घंटा लई मोठी, तिला दोन मुठी लागलं," इथवर आला आणि कडूबा थांबला. ओठ हलत राहिले. दोन बोटांची चिमूट होऊन हवेत काहीतरी बारीक कोंबत राहिली. मग म्हणाला, "मंग समदा कळप लवणात बसला." बानाबाई सूत कातत होती. तिनं वर पाहिलं नाही, पण हातातली फिरती चाती थांबली.

रोज तसंच व्हायला लागलं. त्याच जागी थांबणं, तीच चिमूट. आणि भादव्याच्या तोंडावर एक दिवस त्या रिकाम्या जागेत शब्द येऊन बसले.

"म्होरक्या एडक्याची घंटा लई मोठी, तिला दोन मुठी लागलं. आन् एका पोरीच्या पायातला पैंजण व्हता, त्यातबी कोंबलं."

ऊन डोक्यावर होतं, मेंढरं धापा टाकत होती, रस्त्यानं सिमेंटचा ट्रक चालला होता. भर दुपारी बानाबाईनं पदर अंगाभोवती ओढून घेतला. कडूबानं मात्र गोष्टीतली मेंढरं लवणात बसवली आणि गप्प झाला. लष्कर आलं नाही. माय 'काढ रे आता' म्हणाली नाही. घंट्या वाजल्या नाहीत. त्यानं पटका गुंडाळला आणि काठी उचलली.

त्या दिवसापासून गोष्ट लवणातच संपायला लागली.

आवडाबाईला हे कळल्यावर ती पहिल्यांदा टोमणा विसरली. दोन्ही कानांना हात लावून म्हणाली, "बाना, पोरगी त्याच्या तोंडून बोलती. कोरीच गेली ना ती." कोरी म्हणजे हळद न लागलेली. बानाबाईची देवावर श्रद्धा होती, पण अशा गोष्टींत ती पडायची नाही. तरी आईचं काळीज. आवडाबाईच्या ओळखीच्या एका भगताकडं दोघी गेल्या. भगतानं बानाबाईची नाडी धरल्यासारखं केलं आणि सांगितलं, ती गोष्ट बंद पाडा. गोष्ट हे दार आहे, दार लावा.

बानाबाईनं दार लावलं. कडूबानं 'भादवा व्हता' म्हटलं की ती पाणी मागायची, मेंढरू लंगडतंय म्हणायची, त्याला उठवायची. तो उठायचा आणि विसरायचा. चार-आठ दिवसांत गोष्ट बंद झाली.

मग घरात गवत निघायला लागलं.

आधी कुलपाच्या भोकात. मग आवडाबाईच्या लेकाच्या सायकलच्या घंटीत. मेंढरांच्या गळ्यातल्या सगळ्या घंट्या मुक्या. बानाबाई काढायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा. कडूबाला विचारलं तर तो आपल्या हिरव्या बोटांकडं बघायचा आणि म्हणायचा, "म्या? म्या कशाला कोंबू?" खोटं बोलतोय असं वाटायचं नाही. घरात आवाज म्हणून उरला नाही. दाराची कडीसुद्धा वाजेना, तिच्या कोयंड्यात गवत. कडूबा झोपेनासा झाला, पायांचा आवाज होऊ नये असा चवड्यांवर चालायचा, आणि बानाबाई बोलायला लागली की तोंडावर बोट ठेवायचा. कशाला, ते त्याला सांगता यायचं नाही.

एका सकाळी तिनं देवाला हळदकुंकू वाहिलं, उदबत्ती लावली आणि घंटी उचलली. घंटी वाजली नाही. आत ओलं गवत ठासून भरलं होतं. देवासमोर ती तशीच हात वर धरून उभी राहिली.

त्याच दिवशी ती एकटी दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईचे केस पिकले होते, पण ओळख पटली. तिनं सगळं ऐकून घेतलं, मधे हसली नाही. म्हणाली, मी बघितल्याशिवाय खात्रीनं सांगणार नाही. पण आठवण काही पेटीत ठेवलेलं लुगडं नव्हे की काढलं, बघितलं, पुन्हा घडी करून ठेवलं. दर वेळी आठवताना ती सुटी होते आणि पुन्हा बांधली जाते. सुटी असताना तिच्यात नवं काही अडकू शकतं. तुमच्या माणसाचा नवा रस्ता जळलाय, पण ही गोष्ट फार जुनी, फार घट्ट, आणि त्या दिवशी त्यानं हातानं तेच काम केलं. तिच्या आधारानं एखादी काडी आत गेली असेल. हाताच्या सवयी, भीती, माया यांच्या जागाही वेगळ्या असतात.

"मंग पोरगी नाय ना बोलत?" बानाबाईनं विचारलं.

"ते मला कसं सांगता येईल, मावशी? बोलू द्या त्यांना. अडवू नका."

बसमध्ये बानाबाईच्या डोळ्यांपुढं तिचा काट्याचा वाडा होता. कवाडावर दगड तसेच. पण म्हातारी मेंढी सांजेला आपल्या वाटेनं आत शिरते, आणि तिच्या पोटाखालून एखादं कोकरू गेलं तर राखणदाराला कळत नाही. साळू गेली होती आत. म्हणजे आता घरात हे जाणणारे दोघं होते. त्यांतल्या एकाला आपण जाणतो हेच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाभळीखाली तिनंच सुरुवात करून दिली. "भादवा व्हता," ती म्हणाली. कडूबानं तिच्याकडं पाहिलं आणि पटका मांडीवर घेतला. गवत कमरेइतकं आलं, रझाकार आले, मायनं सांगितलं, त्यानं कोंबलं. म्होरक्याच्या घंटेला दोन मुठी लागलं.

"आन् एका पोरीच्या पायातला पैंजण व्हता, त्यातबी कोंबलं."

बानाबाई त्याच्याजवळ सरकली. आजवर तिनं हे विचारलं नव्हतं. विचारलं आणि तो पुन्हा भिंतीवर डोकं आपटायला लागला तर? हातांनी पदर घट्ट धरून तिनं विचारलं.

"कुणाची पोर व्हती?"

कडूबाची चिमूट हवेत थांबली.

"साळूचे बाप," बानाबाई म्हणाली, "आपली साळू गेली. कावीळ झाली व्हती. ती पिशोरला नाय."

तो ओरडला नाही. छाती बडवली नाही. नुसती मान हलवली, पाऊस येणार असं कुणी सांगावं आणि आपण आभाळ आधीच बघितलेलं असावं, तशी.

"व्हय," तो म्हणाला. "मला वाटलंच व्हतं."

मग त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आवाज न करता. बानाबाईच्याही. कुणी कुणाचे डोळे पुसले नाहीत. मेंढरं उठून चरायला लागली तरी दोघं बसून होती. बऱ्याच वेळानं कडूबा दबक्या आवाजात म्हणाला, "एकाच पायात व्हता. दुसरा कुठंय? त्यात गवत नाय घातलं."

दुसऱ्या पैंजणाचं त्या घरात कधी नाव निघालं नव्हतं. बानाबाई उठली, मेंढरं तिथंच सोडली, घरी जाऊन देवामागची चिंधी घेऊन आली. त्यानं चिंधी सोडली. चांदी काळी पडली होती. सवयीनं त्याचा दुसरा हात गवताकडं गेला, मूठभर उपटलं, चिमूट घुंगरापाशी आली.

तेव्हा बानाबाईला कळलं की गोष्ट कुठं अडकून पडलीय. तिनं त्याचं मनगट धरलं. त्याची माय तिनं दोनच वर्षं पाहिली होती, पण सासूचा हेल तिच्या कानात होता.

"काढ रे आता, कडू," ती म्हणाली. "लष्कर आलंय."

नवऱ्याचं नाव तिनं आयुष्यात पहिल्यांदा घेतलं. कडूबानं तिच्याकडं पाहिलं. कुणाला पाहिलं ते देव जाणे. त्याची मूठ उघडली आणि गवत खाली पडलं. दुसऱ्या हातातला पैंजण त्यानं कानाशी नेला आणि हलवला.

चरणारी मेंढरं माना वर करून थांबली. त्यांच्या गळ्यातल्या घंट्या सकाळीच त्यानं कोंबल्या होत्या, त्यामुळं माळावर दुसरा आवाज नव्हता. तो उठला आणि एकेका मेंढराच्या घंटेतलं गवत काढत गेला. शेवटचं काढलं तेव्हा कळप दचकून धावला आणि सगळ्या घंट्या एकदम वाजल्या. कडूबानं हात आभाळाकडे उघडले.

घरी येईपर्यंत तो सगळं विसरला होता. ताटावर बसला आणि म्हणाला, "साळू कुठं गेली?"

बानाबाईनं भाकरी वाढली. त्याच्यासमोर बसली आणि त्याला खरं सांगितलं.

"मला वाटलंच व्हतं," कडूबा म्हणाला.

त्यानंतर तिनं त्याला कधी खोटं सांगितलं नाही. तो रोज विचारायचा, ती रोज सांगायची, आणि रोज त्याला वाटलंच असायचं. दोघं थोडा वेळ जवळ बसायची, मग तो पाणी मागायचा. देव्हाऱ्यातली घंटी पुन्हा कधी मुकी झाली नाही. फक्त भादवा आला की बानाबाई पूजेला बसताना ती आधी उपडी करून बघायची, आणि मगच वाजवायची.